स्लीपिंग ब्यूटी: शंभर वर्षांची झोप रंगमंचावर कशी उतरते?

पडद्यामागे

परीकथेवर बेतलेल्या बॅलेंमध्ये बांधणीला सगळ्यात पक्का कोणता, तर माझ्या मते ‘द स्लीपिंग ब्यूटी’. आणि कात्रीही सगळ्यात जास्त यालाच लागते. कथा सगळ्यांना ठाऊक असते. ती मंचावर कशी सांगतात याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सेंट पीटर्सबर्गच्या शाही थिएटरांचा संचालक इव्हान व्सेवोलोझ्स्की याने १८८८ मध्ये संगीतकार चायकोव्हस्कीला पत्र लिहून हा विषय सुचवला. फ्रेंच लेखक पेरोची सतराव्या शतकातली कथा, चौदाव्या लुईच्या दरबाराचा थाट आणि शेवटच्या अंकात इतर परीकथांमधली पात्रं लग्नाला पाहुणे म्हणून, ही सगळी कल्पना त्याची. वेशभूषाही त्यानेच रेखाटली. नृत्यरचना मारियस पेटिपाची. पहिला प्रयोग मारिन्स्की थिएटरात १५ जानेवारी १८९० रोजी झाला (रशियातल्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ३ जानेवारी). राजकन्या अरोरा होती कार्लोटा ब्रिआन्झा, राजपुत्र देझिरे पावेल गेर्ड्ट, लायलॅक परी पेटिपाची मुलगी मारी आणि दुष्ट परी कॅराबॉस एन्रिको चेकेट्टी. शेवटच्या अंकात निळ्या पक्ष्याचं अवघड नृत्यही याच चेकेट्टीने केलं.

रचना अशी: प्रोलॉग (म्हणजे सुरुवातीचा प्रवेश) आणि तीन अंक. प्रोलॉगमध्ये राजकन्येचं बारसं. सहा पऱ्या भेटी घेऊन येतात, पण दरबारी कॅटालाब्यूट आमंत्रणाच्या यादीत कॅराबॉसचं नाव घालायला विसरलेला असतो. ती येते, त्याचे केस उपटते आणि मुलीला टकळी टोचून मरण येईल असा शाप देते. लायलॅक परीने अजून आपली भेट दिलेली नसते. ती शाप सौम्य करते: मरण नाही, शंभर वर्षांची झोप. पहिल्या अंकात अरोराचा वाढदिवस (बहुतेक निर्मितींत सोळावा), चार राजपुत्रांची मागणी, टकळी आणि झोप. दुसऱ्या अंकात शंभर वर्षांनंतरची शिकार, देझिरेला अरोराचं दर्शन, नावेतला प्रवास आणि चुंबन. तिसऱ्या अंकात लग्न, ज्यात कथा जवळजवळ नाहीच.

पेरोच्या मूळ कथेत चुंबन नाही. राजपुत्र तिच्याजवळ गुडघे टेकतो आणि शापाची मुदत संपलेली असल्याने ती जागी होते. चुंबन ग्रिम बंधूंच्या रूपातलं. शिवाय पेरोकडे लग्नानंतर राक्षसीण सासूचा एक अख्खा भाग आहे, तो बॅलेने पूर्ण सोडला.

माझा मुद्दा असा की गोष्ट तीनच ठिकाणी ठरते: विसरलेलं आमंत्रण, शाप-उःशापाचा मूकसंवाद आणि पहिल्या अंकाच्या शेवटी उगवणारं जंगल. ही तीन ठिकाणं स्वच्छ दिसली की बाकीचा वेळ निव्वळ नृत्याला देता येतो. वेळ वाचवण्यासाठी नेमकी हीच कापली जातात आणि मग उरते सुंदर नृत्यांची नुसती माळ. जाणकारांनी आपापल्या बाजूने लिहावं.

मुद्रा_आणि_मौन

मूकसंवादावर लिहितो, कारण तो न समजल्यामुळेच लोक कंटाळतात.

बॅलेच्या मूकाभिनयाला ठरलेली चिन्हं आहेत. कपाळावर मुकुटाची टोकं दाखवली की राजा किंवा राणी. चेहऱ्याभोवती हात फिरवला की सुंदर. अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की नाच. मनगटं एकमेकांवर ठेवून मुठी आवळून खाली आणल्या की मृत्यू. गालाखाली हात आणि मान कललेली म्हणजे झोप.

कॅराबॉसचं वाक्य या क्रमाने येतं: ऐका सगळे, ही मुलगी मोठी होईल, सुंदर होईल, नाचेल, पण एक दिवस तिच्या बोटाला टकळी टोचेल आणि ती मरेल. लायलॅकचं उत्तर तिचीच वाक्यं पुन्हा म्हणत येतं: होय, मोठी होईल, सुंदर होईल, बोटाला टोचेलही. पण मरणार नाही, झोपेल. मग एक राजपुत्र येईल आणि चुंबनाने तिला उठवेल. शापातलं बाकी काहीही न बदलता एकच चिन्ह बदलायचं, यात त्या प्रसंगाची सगळी ताकद आहे. म्हणून लायलॅकने हातांची उंची आणि गती कॅराबॉससारखीच ठेवायला हवी आणि फरक फक्त त्या एका जागी दिसायला हवा.

बिघडतं ते दोन कारणांनी. पहिलं, चिन्ह पूर्ण व्हायच्या आत नर्तकी पुढच्यावर जाते. मृत्यूच्या मुठी खाली येऊन थांबल्या पाहिजेत, तरच मागच्या रांगेला कळतं. दुसरं, दरबारी ऐकत नाहीत. पंचवीस-तीस माणसं मंचावर असताना प्रत्येकाने बोलणाऱ्या परीकडे पाहिलं नाही तर प्रेक्षकाची नजरही भरकटते. १९५२ च्या कॉन्स्टंटिन सर्गेयेव्हच्या लेनिनग्राड आवृत्तीत हा मूकसंवाद बराचसा काढून लायलॅकला त्या जागी नृत्य दिलं. ते नृत्य देखणं आहे, पण शापाला दिलेलं उत्तर त्यात वाचता येत नाही.

चंद्रकोर

माहिती उत्तम, पण थोडा विरोध नोंदवते. पूर्ण बॅले मध्यंतरांसह तीन तासांच्या आसपास जातो. एकट्या प्रोलॉगला अर्धा तास, आणि त्यात अरोरा पाळण्यातली बाहुली. लहान मुलं प्रेक्षागृहात असतील तर सहा पऱ्यांची सहा एकल नृत्यं जड होतात. तिथे दोन-तीन कमी केली तर कथेचं काय बिघडतं?

पडद्यामागे

@चंद्रकोर, बिघडतं. प्रत्येक परी एक गुण देते आणि पुढे अरोरा नाचते तेव्हा ते गुण तिच्या अंगात दिसतात. पेटिपाने पऱ्यांना नावंही तशीच दिली आहेत: निष्कपट, गव्हाच्या पिठाची, पावाचा चुरा सांडणारी, गाणाऱ्या कॅनरीची, जोरकस. जोरकस परीची ती रोखलेली बोटं, कॅनरीची भुरभुरणारी बोटं, सगळी एक-दीड मिनिटाची नृत्यं आहेत. मुलांना खरं तर हीच लक्षात राहतात.

कापायचंच असेल तर तिसऱ्या अंकात कापा. सिंड्रेला आणि अंगठ्याएवढ्या मुलाचे प्रवेश बहुतेक निर्मितींत नसतातच. पण पहिल्या अंकाच्या सुरुवातीचा विणणाऱ्या बायकांचा प्रसंग ठेवा. बंदी असताना सुया सापडतात, राजा देहदंड सुनावतो, राणी त्यांच्यासाठी क्षमा मागते. दोन-चार मिनिटांचं काम, पण राज्यात टोकदार वस्तूंना बंदी आहे आणि अरोराने तशी वस्तू पाहिलेलीच नाही हे त्यातूनच समजतं. तो नसेल तर अरोरा टकळीकडे इतक्या कुतूहलाने का झेपावते याला कारणच उरत नाही.

पाचवी_पोझिशन

रोझ अडाजिओबद्दल, म्हणजे पहिल्या अंकातलं अरोराचं चार राजपुत्रांसोबतचं संथ नृत्य. नर्तकीच्या दृष्टीने हा बॅले इथे जिंकला किंवा हरला जातो.

आधी क्रम बघा. अरोरा पळत येते, लगेच छोट्या जलद उड्यांचं प्रवेशनृत्य, आणि दम घ्यायला उसंत न मिळता अडाजिओ सुरू. हार्पचा विस्तार संपेपर्यंत जो श्वास मिळेल तो. अडाजिओनंतर थोड्याच वेळात तिचं एकल नृत्य, मग टकळीचं. मध्ये बूट बदलता येत नाहीत. उड्यांसाठी मऊ, आवाज न करणारा पॉइंट शू (बोटांच्या टोकावर उभं राहण्याचा बूट) हवा आणि तोल सांभाळण्यासाठी कडक पेटीचा (पेटी म्हणजे बोटांभोवतीचा टणक भाग), रुंद सपाट टोकाचा. बहुतेक जणी तोलाच्या बाजूने कौल देतात आणि पेटीचा आवाज कमी करायला शू आधी दगडी पायरीवर किंवा जमिनीवर आपटून घेतात. टोकाच्या कडेला जाड दोऱ्याने टाके घातले की पकडही वाढते.

आता तोल. एका पायाच्या टोकावर, दुसरा पाय मागे गुडघ्यात वाकवून वर, म्हणजे आटिट्यूड. चार राजपुत्र एकामागून एक हात देतात. प्रत्येक वेळी ती हात सोडून दोन्ही हात डोक्यावर नेते आणि पुढच्याचा हात धरते. शेवटच्या भागात यात भर पडते: प्रत्येक राजपुत्र तिचा हात धरून तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो, ती टोकावर तशीच फिरते, मग तोल, मग पुढचा.

चुका बहुतेक वेळा राजपुत्राकडून होतात आणि दोष तिच्या माथी येतो. त्याचा हात एका उंचीवर, साधारण तिच्या छातीच्या खालच्या पातळीला, स्थिर पाहिजे. तिने दाब दिला की त्याने तेवढाच दाब परत द्यायचा. हात सैल असेल तर तिचा खांदा खाली जातो आणि कंबर फिरते. फेरी मारताना वर्तुळ जरा जरी आत आलं तर तो तिला स्वतःकडे ओढतो, बाहेर गेलं तर पलीकडे. म्हणून तालमीत तिच्या उभ्या पायाभोवती खडूने वर्तुळ आखून चालायला लावतात. आणि चौघांची उंची शक्यतो सारखी असावी. एकाचा हात चार बोटं वर आला की तिला दर वेळी तोल नव्याने शोधावा लागतो.

तिच्याकडून होणारी मुख्य चूक म्हणजे हात सोडण्याआधी तोल मिळवलेला नसणं. तोल हात धरलेला असतानाच उभ्या पायावर आला पाहिजे. मग बोटं सुटतात, हात उचलून घेतला जात नाही. हात पटकन वर फेकला तर बरगड्या पुढे येतात आणि ती मागे पडते. उतरत्या मंचावर आणखी अवघड. पॅरिसच्या पॅले गार्निएचा मंच ५ टक्के उताराचा आहे, तिथे सपाट जमिनीवर सराव केलेली नर्तकी पुढे प्रेक्षकांकडे ओढली जाते आणि तिला वजन जाणीवपूर्वक मागे ठेवावं लागतं.

एवढं सगळं करून चेहऱ्यावर मुलगी दिसली पाहिजे, कारण तिला चार अनोळखी पुरुष पहिल्यांदा भेटताहेत. तोल किती सेकंद टिकला हे मोजत बसणाऱ्या प्रेक्षकांमुळे ही गोष्ट हल्ली मागे पडते, याचं वाईट वाटतं. तिने प्रत्येकाकडे वेगळं पाहायला हवं.

षड्ज

संगीताबद्दल. प्रास्ताविकाच्या पहिल्या मिनिटभरातच दोन पऱ्यांची ओळख होते: कॅराबॉस ई मायनरमध्ये, लायलॅक ई मेजरमध्ये. आपल्या कानाने ऐकलं तर षड्ज तोच राहतो आणि गंधार कोमलचा शुद्ध होतो. वर @मुद्रा_आणि_मौन यांनी एकच चिन्ह बदलण्याबद्दल लिहिलंय, ते चायकोव्हस्कीने सुरांत आधीच करून ठेवलं आहे.

पेटिपा संगीतकाराला प्रसंगागणिक सूचना लिहून द्यायचा: किती मात्रा, कोणता ताल, कोणता भाव. म्हातारी सुयांनी दोनचा ठेका धरते, तो हळूहळू तीनच्या वॉल्ट्झमध्ये वळतो, मग एकदम शांतता, बोटाला टोचतं. हा सगळा क्रम कागदावर होता. चायकोव्हस्कीला असल्या चौकटीचा जाच झाला नाही, उलट त्यातून त्याने नाट्य काढलं. तिसऱ्या अंकात रत्नांच्या पऱ्या आहेत. चांदीच्या परीला नाण्यांचा किणकिणाट हवा होता, नीलमणीच्या परीला त्याच्या पाच पैलूंसाठी पाच मात्रांचा ताल. ते नृत्य पाचच्या मोजणीमुळेच अनेकदा वगळलं जातं. झपतालाची सवय असलेल्या आपल्या माणसांना पाचची भीती वाटायचं कारण नाही.

दुसऱ्या अंकात व्हायोलिनचा एक मोठा एकल तुकडा आहे, व्हायोलिनवादक लिओपोल्ड आवरसाठी लिहिलेला. तो पहिल्याच प्रयोगात वगळला गेला. पुढे नृत्यरचनाकार बॅलन्चिनने तो १९५४ च्या आपल्या ‘नटक्रॅकर’ बॅलेमध्ये वापरला आणि दुसरा नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टनने १९६८ मध्ये त्यावर जागृतीनंतरचं युगुलनृत्य रचलं.

ध्वनिमुद्रित संगीतावर नाचवणाऱ्यांसाठी एक सूचना: मैफिलीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण रोझ अडाजिओला घेऊ नका. वाद्यवृंदाचा निर्देशक समोर असेल तर शेवटच्या तोलांपाशी तो नर्तकीकडे पाहून लय रुंद करतो. मुद्रणात ती जागा मिळत नाही आणि चौथ्या राजपुत्रापर्यंत पोहोचेस्तोवर ती अर्ध्या मात्रेने मागे पडते.

टाचणी

कपड्यांचा मुद्दा राहिलाय. शंभर वर्षं लोटली हे प्रेक्षकाला कोण सांगतं? कपडे सांगतात. मूळ कल्पनेत आधीचा काळ सोळाव्या शतकाकडे झुकणारा आणि जागं झाल्यानंतरचा सतराव्या शतकातला, चौदाव्या लुईचा. म्हणून दुसऱ्या अंकातल्या शिकारीच्या दृश्यात टोप्या, कोटाची लांबी, गळ्याभोवतीची झालर, सगळं बदललेलं दिसायला हवं. अनेक निर्मितींत सगळेच अंक एकाच गुळगुळीत ‘राजेशाही’ थाटात शिवतात आणि शंभर वर्षं कापडातच हरवतात.

पहिल्या अंकातल्या वॉल्ट्झच्या फुलांच्या कमानींबद्दलही सांगते. कमान वेताची किंवा हलक्या नळीची असावी, कारण हात बराच वेळ डोक्यावर राहतात. आणि फुलं शिवून घ्या, नुसती चिकटवू नका. चिकटवलेली पाकळी गळते आणि वॉल्ट्झनंतर थोड्याच वेळात अरोरा त्याच जमिनीवर टोकावर उभी राहणार असते. कापडी पाकळीवरून पॉइंट शू सरळ सटकतो.

टकळी मात्र खऱ्यापेक्षा मोठी आणि उजळ रंगाची करा, टोक बोथट. तिचा धक्का शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा आहे.

नेपथ्यकार

आता मूळ प्रश्न: जंगल.

पारंपरिक पद्धतीत कापून काढलेले झाडांचे पडदे वरून उतरतात आणि झुडपांच्या पट्ट्या खालून वर येतात. दिसायला भव्य, पण दोर, चाकं आणि माणसं यांचा मेळ चुकला की फजिती. २ नोव्हेंबर १९२१ रोजी लंडनच्या अलहाम्ब्रा थिएटरात रशियन बॅले-निर्माता द्यागिलेव्हने ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ या नावाने हा बॅले आणला, लिऑन बाक्स्टच्या अफाट खर्चिक नेपथ्यासह, आणि पहिल्याच रात्री यंत्रणेने दगा दिला. शंभराहून अधिक प्रयोग होऊनही खर्च निघाला नाही. योगायोग म्हणजे त्या निर्मितीत कॅराबॉस होती कार्लोटा ब्रिआन्झा, १८९० ची अरोरा.

आज बहुतेक ठिकाणी जाळीचा पडदा वापरतात. त्यावर वेली रंगवलेल्या. समोरून प्रकाश आणि मागे अंधार असला की पडदा भिंतीसारखा दिसतो. मागे प्रकाश आणि समोर अंधार केला की विरघळतो. म्हणजे झोपलेला दरबार आधी दिसत राहतो आणि प्रकाश हळूहळू मागून पुढे आणला की जंगल त्यांच्यावर चढत जातं. यात काय चुकतं:

समोरचा प्रकाश प्रेक्षागृहाकडून सपाट कोनात टाकला तर तो जाळीतून आरपार जाऊन मागची माणसं उजळतो. प्रकाश पडद्याच्या जवळून, वरून तीव्र कोनात घासून जायला हवा. मागचे दिवेही विंगेतून बाजूने टाका. जाळीच्या पाठीवर प्रकाश पडला की ती दुधाळ होते आणि आतलं पुसट दिसतं. जमीन चकचकीत असेल तर परावर्तनानेच सगळा परिणाम जातो. लायलॅकवर फॉलो स्पॉट (नर्तकीच्या मागे फिरणारा झोत) हवाच असेल तर तिला जाळीच्या पुष्कळ पुढे उभी करा. पडद्याच्या खालच्या शिवणीत पाइप घालून वजन द्या, नाहीतर वातानुकूलनाच्या झोताने जंगल हलतं. आणि घाई करू नका. हा बदल संगीताच्या शेवटच्या सुरापर्यंत पुरला पाहिजे.

नावेच्या प्रवासाला १८९० मध्ये मिखाईल बोचारोव्हचं सरकतं चित्र होतं: लांबच लांब रंगवलेलं कापड, दोन्ही विंगांत उभे रूळ, एकावरून सुटतं आणि दुसऱ्यावर गुंडाळतं. दोन्ही रूळ एका वेगाने फिरले नाहीत तर मधे पोट सुटतं, म्हणून वरची कड पट्टीत अडकवून घ्यावी लागते. हल्ली तिथे प्रोजेक्शन लावतात. त्यात एक गफलत नेहमीची: मागचं दृश्य सरकतं आणि नावेच्या पुढची जमीन तशीच राहते, त्यामुळे नाव जागेवर उभी असल्याचं कळतं. पुढे लव्हाळ्याची एक बुटकी पट्टी मागच्या दृश्यापेक्षा जास्त वेगाने सरकवा, लगेच प्रवास वाटतो.

खंडाळा_घाट

एक धागा आपल्याकडे येणारा. रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हाने लहानपणी मारिन्स्कीत हाच बॅले पाहून नर्तकी व्हायचं ठरवलं आणि पुढे चेकेट्टीकडे शिक्षण घेतलं. मुंबईत तिची भेट झालेल्या लीला सोखी, म्हणजे मादाम मेनका, यांना तिने भारतीय नृत्याकडे वळायला प्रोत्साहन दिलं. मेनकांनी कथकवर आधारित नृत्यनाट्यं रचली आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली.

चंद्रकोर

विणणाऱ्या बायकांचा मुद्दा पटला. पऱ्यांबद्दलही आता वेगळं वाटतंय. शेवटच्या युगुलनृत्यात अरोरा डोकं जमिनीकडे करून झेपावते ना, ते पेटिपाचंच का?

पाचवी_पोझिशन

त्याला फिश डाइव्ह म्हणतात. ते पेटिपाच्या नोंदींत नाही, १९२१ च्या लंडन निर्मितीपासून रूढ झालं. पीटर्सबर्गमध्ये स्टेपानोव्ह पद्धतीने (नृत्य कागदावर उतरवण्याची एक लिपी) लिहिलेल्या नोंदी निकोलाय सर्गेयेव्हने रशियाबाहेर नेल्या. लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅले कंपनीची १९३९ ची निर्मिती त्यांवरच उभी राहिली आणि २० फेब्रुवारी १९४६ ला युद्धानंतर लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह याच बॅलेने पुन्हा उघडलं, मार्गो फाँटेन अरोरा. त्या नोंदी आता हार्वर्डमध्ये आहेत. १९९९ मध्ये मारिन्स्कीने आणि २०१५ मध्ये नृत्यरचनाकार अलेक्सेई रातमान्स्कीने त्यांवरून जुनं रूप उभं केलं.

डाइव्हमध्ये जोडीदाराने तिला धरून खाली न्यायचं नसतं. गिरकी संपताना तिचं वजन त्याच्या मांडीवर आणि कंबरेच्या वेढ्यावर आधी यावं, मग ती पुढे कलते. तिचा वाकवलेला पाय त्याच्या पाठीमागे अडकतो, म्हणूनच शेवटच्या वेळी तो दोन्ही हात सोडू शकतो. पाय अडकण्याआधी हात सोडले तर ती तोंडावर पडेल.

टाचणी

@नेपथ्यकार, ज्या सभागृहात वर पडदा ओढून घ्यायला उंचीच नाही, तिथे जाळी कशी आणायची? बाजूने सरकवली तर चुण्या पडतात.

नेपथ्यकार

बाजूने सरकवू नका. संगीत नाटक कंपन्या गावोगावी गुंडाळीचे रंगवलेले पडदे घेऊन फिरायच्या, तीच युक्ती करा. जाळीची वरची कड पक्की बांधा, खालची कड रुंद, हलक्या पाइपवर चिकटवा आणि दोन्ही टोकांना दोर गुंडाळा. दोर सैल सोडले की पाइप स्वतःच्या वजनाने उलगडत खाली येतो. पाइप बारीक घेतला तर मधोमध वाकतो आणि जाळीत झोळ येतो, म्हणून १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा घ्या. दोन्ही दोर एकाच माणसाच्या हातात द्या, नाहीतर एक बाजू आधी उतरते. उलगडताना पाइप प्रेक्षकांच्या नजरेला येतो. तो काळा रंगवा, आणि जाळी उतरेपर्यंत समोरचा दिवा लावू नका.